गाठ आजच मार

प्रिय पोरी,

काल बाळाला मांडीवर थोपटत तू विचारलंस, "काकू, कॉलेज करू का कामाला जाऊ?" आणि मी चहा ठेवते म्हणून आत उठून गेले. उत्तर तोंडावर आलं होतं, पण शेजारी तुझ्या सासूबाई बसल्या होत्या. म्हणून हे पत्र.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. मंगळसूत्र घालून बारावीचे पेपर दिलेस आणि ७१ टक्के काढलेस, ते तुलाही माहीत आहे नि मलाही. पैशाची नड खरी आहे. सायझिंगमधल्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातल्या, एका पगारात तीन पोटं कशी भागतात, ते मला सांगायला नको. गारमेंटमध्ये नऊ हजार देतात ना, तर जा. पण "आधी काम करते, शिक्षणाचं पुढं बघू" असं तू काल तीनदा म्हणालीस आणि तिन्ही वेळा माझ्या पोटात कालवलं.

कारण "पुढं बघू" मीही म्हणाले होते. १९८३ साल, बी.ए.चं दुसरं वर्ष, पोट दिसायला लागलेलं. खिडकीतला कारकून म्हणाला, पुढच्या वर्षी या. घरचे म्हणाले, एकच वर्ष तर आहे. त्या एका वर्षाची पंधरा वर्षं झाली. सासऱ्यांच्या मागांवर कांड्या भरत बसले. शिकू नको असं मला कुणी म्हटलं नाही हं. कुणी विषय काढला नाही, मीही काढला नाही. एवढंच झालं.

तू इचलकरंजीची पोर. मागाच्या बीमावरचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरचा, उभा धागा तुटला की कामगार तिथल्या तिथं गाठ मारतो. राहू दे म्हटलं, तर कापडात लांबच लांब रेघ पडत जाते. तुझा धागा गेल्या वर्षीच तुटलाय. गाठ आजच मार.

म्हणजे रोजच्या कॉलेजात जा असं म्हणत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलंय की शिकणाऱ्या मुलींना प्रसूतीची रजा आणि हजेरीत सूट द्या. कळवलं, बरं केलं. पण सकाळच्या तासाला सात महिन्यांचं पोर कुणाच्या हाती द्यायचं, ते परिपत्रकात नसतं. तू नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घाल. १९८९ साली ते निघालं ते तुझ्यामाझ्यासारख्यांसाठीच. काम सोडावं लागत नाही. सगळे विषय नाही निघाले तर दोन काढ, पण नाव घाल. आणि कामावर जायच्या आधी घाल. एकदा पगार सुरू झाला की फीचे पैसे पंख्याला जातात, नणंदेच्या लग्नाला जातात. कुठे कुठे जातात ते मला विचार.

कामाच्या ठिकाणी पन्नास किंवा जास्त माणसं असतील, तर पाळणाघराची सोय कायद्यानं हवी. तेही विचार. हसतील, तरी विचार.

तुला कुणीतरी आनंदीबाई जोशींचा दाखला दिला म्हणे. चौदाव्या वर्षी आई झाली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली. दाखला देणाऱ्याला विचारायचं होतंस, तिचं बाळ किती दिवस जगलं? दहा. मांडीवर पोर घेऊन शिकण्याचा तो दाखला नव्हे. असल्या भाषणांचा मला संताप येतो.

मी चौतिसाव्या वर्षी नाव घातलं. पहिल्या पेपरच्या दिवशी धाकट्याला गोवर निघालेला. तापातल्या पोराला सासूबाईंच्या हवाली करून मी गेले. तो आज पस्तिशीचा आहे, तरी चारचौघांत ते काढतो. त्या पेपरात मी नापास झाले, हेही काढतो. काढू दे. माझ्या उशाशी बसण्यानं गोवर लवकर मावळणार नव्हता. आणि त्या दिवशी घरी राहिले असते, तर पुढच्या पेपरला दुसरं काहीतरी निघालंच असतं. चुकलं नाही माझं. रात्री कधी कधी वाटतं, पण ते राहू दे.

पदवीनं काय दिलं म्हणशील, तर पतसंस्थेत कारकुनी दिली आणि नंतर जरा बरी खुर्ची. ती विसाव्या वर्षी मिळायची, ती चाळिशीत मिळाली. हे मधले दिवस कुणी परत देत नाही, म्हणून तुझ्यावर चिडते. राग मानू नकोस.

रविवारी सकाळी ये. बाळाला मी घेते, तू फॉर्म भर. बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सगळं एका पिशवीत घालून आण. आणि फॉर्मवर गुणपत्रकावरचं, माहेरचंच नाव लिही, नाहीतर पुढं कागद जुळवताना नाकी नऊ येतात. सासूबाईंनी विचारलं तर माझ्याकडे पाठव.

तुझी,
काकू