जळगावहून पहिलंच सहाहजारी (6,000 मीटरवरचं) शिखर, गाईडसोबत: नेपाळमधलं मेरा पीक की आयलंड पीक?

मेरा घ्या. उंची जास्त (6,476 मीटर), पण चढ सौम्य. आयलंड पीक 6,189 मीटरचं असलं तरी शेवटी बर्फाच्या उभ्या भिंतीवर दोराला जुमार (वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड) लावून चढावं लागतं. पहिल्याच खेपेला त्याच्या नादी लागू नका.

पैसे भरण्याआधी एजन्सीकडून रोजच्या मुक्कामाची उंची लिहून घ्या. 3,000 मीटरच्या वर ती दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढत असेल किंवा खराब हवामानासाठी राखीव दिवस नसेल, तर सरळ नाही म्हणा, कितीही स्वस्त असो.

सरावाला पाठीवर ओझं घेऊन अस्तंबा, तोरणमाळ करा. पाय तयार होतील. विरळ हवेची सवय मात्र सातपुड्यात होत नाही. डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले बर्फातले बूट) काठमांडूत भाड्याने मिळतात, घेतानाच क्रॅम्पॉन (बर्फात पकडीसाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) लावून बघा.