संशोधन करायचे आहे, पण कोणत्या विषयात?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी विज्ञान शाखेतून शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर आहे आणि पुढे संशोधन करण्याचा तिचा विचार पक्का आहे. विषय मात्र ठरत नाही. गेल्या वर्षभरात तिने संगणकशास्त्र, वैद्यकीय उपकरणांची अभियांत्रिकी, वैद्यक आणि पिकांची पैदास अशी चार नावे घेतली, आणि तिचे मन स्थिर नाही या काळजीपोटी एक विषय ठरवून द्यावा अशी विनंती आपण केली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता सगळेच करू लागली तर दहा-बारा वर्षांनी संशोधकांना काम उरेल का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे.

आधी काळजीबद्दल लिहितो. ही चार नावे दुरून दिसतात तितकी विखुरलेली नाहीत. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात 1843 पासून शेतांवर खतांचे प्रयोग चालू होते आणि त्यांच्या नोंदींचा ढीग साचला होता. तो उलगडण्यासाठी 1919 मध्ये रोनाल्ड फिशर हे गणिती तेथे रुजू झाले. एकाच शेतात एका कोपऱ्यातली जमीन कसदार असते आणि दुसऱ्या कोपऱ्यातली नसते; त्यामुळे चांगले पीक खतामुळे आले की मातीमुळे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. कोणत्या तुकड्याला कोणते खत द्यायचे हे प्रयोग करणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, अशी पद्धत फिशर यांनी पुढच्या काही वर्षांत गणिताच्या आधारावर उभी केली. पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधील चाचणी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातही हेच तत्त्व होते. 107 रुग्णांपैकी कोणाला औषध मिळणार हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी ठरले होते; सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 आणि न मिळालेल्या 52 जणांपैकी 14 दगावले. आज एखाद्या संकेतस्थळाच्या दोन मांडण्यांपैकी कोणती बरी, हे ठरवताना वापरकर्त्यांची विभागणी केली जाते, तीही याच रीतीने. म्हणून चार विषयांत रस असणारी मुलगी चंचलच असेल असे मी मानत नाही. कदाचित तिला पुरावा तपासण्याच्या कामातच रस असेल आणि हे अद्याप तिच्या स्वतःच्याही ध्यानात आले नसेल.

विषयांत फरक नाही असा याचा अर्थ नाही. फरक मोठा आहे, परंतु तो अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तकात सापडत नाही. प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत किती काळ जातो, आणि उत्तर चुकले तर कोणाचे काय बिघडते, या दोन गोष्टींत तो आहे. माझ्या मते विषयाची निवड आधी यांवर व्हावी, आणि पगार, प्रतिष्ठा, मागणी यांचा विचार त्यानंतर यावा.

पिकांच्या पैदाशीचेच पाहू, कारण चारांपैकी याच कामाची कल्पना लोकांना सर्वांत कमी असते. गव्हाच्या दोन वाणांचा संकर करायचा तर ज्या ओंबीला मादी म्हणून वापरायचे, तिच्या प्रत्येक फुलातले तीन परागकोष पिकून फुटण्याआधीच चिमट्याने काढावे लागतात. एकही राहिला तर फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि ती मेहनत फुकट जाते. मग ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, तारीख आणि दोन्ही पालकांची नावे लिहिलेली चिठ्ठी बांधायची, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून लावायचा. एवढे करून हाती मूठभर दाणे येतात. पहिली पिढी बहुधा एकसारखी दिसते. खरी विविधता दुसऱ्या पिढीत उलगडते आणि निवड तेथून सुरू होते. पालकांकडून आलेली जी जनुके वेगवेगळी होती, त्यांच्यातील मिश्रपणा प्रत्येक स्वपरागित पिढीत निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत निम्मा, तिसरीत पाव, आणि सहाव्या पिढीत बत्तिसावा हिस्सा, म्हणजे सुमारे 3 टक्के. तेव्हा कुठे वाण स्थिर झाला असे म्हणता येते. त्यानंतर अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत तुलना करून पाहायची. नेहमीच्या रीतीने या सगळ्यात सुमारे दहा वर्षे जातात.

हा काळ कमी करण्यासाठी झालेली धडपड आपल्या मुलीने मुद्दाम वाचावी, कारण तिच्या चार विषयांपैकी तीन तेथे एकत्र भेटतात. गव्हाचे नवे वाण घडवणारे अमेरिकी शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी 1940 च्या दशकात मेक्सिकोत गव्हाचे एकाच वर्षात दोन हंगाम घेतले, एक उत्तरेकडील सोनोराच्या सखल सिंचित खोऱ्यात आणि दुसरा मध्य भागातील उंच, थंड पठारावर. एका ठिकाणचे निवडलेले बी लगेच दुसऱ्या ठिकाणी पेरले जाई. वेळ निम्मा झालाच, शिवाय दिवस लहान असो वा मोठा, फुलोऱ्याला फारसा फरक न पडणारी रोपे या ये-जा करण्यातून आपोआप निवडली गेली. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील आणि ब्रिटनमधील संशोधकांनी नियंत्रित खोल्यांत दिवसाला 22 तास प्रकाश देऊन गव्हाच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात असे दाखवले. त्यामागे प्रकाशाची आणि तापमानाची बरीच अभियांत्रिकी आहे. संगणकाची बाजू पशुपैदाशीत अधिक ठळक दिसते. पूर्वी एखादा वळू चांगला आहे की नाही हे त्याच्या मुली मोठ्या होऊन दूध देऊ लागेपर्यंत कळत नसे. संपूर्ण जनुकसंचावर पसरलेल्या हजारो खुणांवरून जनावराची गुणवत्ता वर्तवण्याची सांख्यिकीय पद्धत 2001 मध्ये मांडली गेली, आणि आता वासराच्या डीएनएवरून तो अंदाज बांधता येतो. तरीही हा अंदाज ज्या नोंदींवर शिकतो, त्या कोणीतरी गोठ्यात आणि शेतात उभे राहून घेतलेल्या असतात. ज्याला उन्हात वही घेऊन रोपांची उंची मोजायचा कंटाळा आहे, त्याने या क्षेत्राच्या फक्त संगणकी बाजूवर भुलून जाऊ नये.

वैद्यकातही उत्तराला वेळ लागतो, आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत दुसऱ्याच्या शरीराला मोजावी लागते. म्हणूनच तेथे शिस्त अधिक कडक आहे. नवे औषध आधी थोड्या व्यक्तींत सुरक्षिततेसाठी, मग अधिक रुग्णांत परिणामासाठी, आणि शेवटी मोठ्या संख्येत तुलनेसाठी तपासले जाते. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण एकच मान्यतेपर्यंत जाते. काय मोजणार आणि कशाला यश म्हणणार हे आधीच लिहून द्यावे लागते, रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि मध्येच सुचलेली युक्ती कितीही चांगली असली तरी मनाप्रमाणे घुसवता येत नाही. काहींना हे जाच वाटते. काहींना यातच कामाचे गांभीर्य जाणवते. आपली मुलगी यांपैकी कोणत्या गटातली आहे, हे आपण माझ्यापेक्षा नीट ओळखत असाल.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वैद्यकीय संशोधनासाठी डॉक्टर व्हावेच लागते, असे आपण गृहीत धरलेले दिसते. वैद्यकीय पदवी ही मुळात रुग्णसेवेची तयारी आहे आणि ती दीर्घ आहे. रुग्णाशेजारी बसून त्याचे दुखणे समजून घेण्याची ओढ असेल तर तो मार्ग उत्तम, आणि संशोधनातही अशा डॉक्टरांना पर्याय नाही. केवळ संशोधनासाठी मात्र तो सर्वांत लांबचा रस्ता ठरू शकतो. सीटी स्कॅनसाठी 1979 चे वैद्यकाचे नोबेल ज्यांना मिळाले, त्यांपैकी गॉडफ्रे हाउन्सफील्ड विद्युत अभियंता होते आणि ॲलन कॉर्मॅक भौतिकशास्त्रज्ञ. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. अभियांत्रिकीबद्दल निराळे लिहीत नाही, कारण आपल्या मुलीला उपकरणे खोलून पाहण्याची सवय आहे असे आपणच कळवले आहे आणि त्या शाखेची तिची ओळख बाकीच्यांपेक्षा बरी आहे.

संगणकशास्त्रात प्रयोगाचे उत्तर पुष्कळदा काही तासांत मिळते, चूक दुरुस्त करून पुन्हा चालवता येते, आणि सुरुवातीचा खर्चही कमी असतो. या वेगाचा एक तोटा आहे: उत्तर लवकर आले की ते खरेच आहे असे वाटू लागते. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रणालींचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांच्या चित्रांवर प्रणाली शिकली होती तेथे तिची कामगिरी चांगली होती, पण बाहेरच्या रुग्णालयातील चित्रांवर ती घसरली. चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे प्रणालीला जवळजवळ अचूक ओळखता येत होते, आणि कुठे रोग अधिक आढळतो यावरूनच ती काही अंशी अंदाज बांधत होती. अशी फसगत पकडायला एक्स-रे कसा आणि कोणत्या रुग्णांचा काढतात, हे माहीत असलेले माणूस लागते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तरही याच अंगाने जाते. प्रथिनांची त्रिमितीय रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने 2020 मध्ये सर्वांना चकित केले आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याच्या कर्त्यांना वाटा मिळाला. त्या प्रणालीला शिकायला मिळालेल्या रचना मात्र 1971 पासून चालू असलेल्या एका सार्वजनिक संग्रहात जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक करून जमा केल्या होत्या. जेथे अशी विश्वासार्ह मोजमापे आधीच साठलेली आहेत तेथे यंत्र झपाट्याने पुढे जाईल, आणि नुसते ठरावीक विश्लेषण करून देणाऱ्यांची कामे कमी होतील, असे मला वाटते. नवे मोजमाप घेणारे, ते कितपत भरवशाचे आहे हे सांगणारे आणि प्रश्न नीट मांडणारे लोक लागतीलच.

एक प्रतिकूल बाब झाकून ठेवणे बरोबर नाही. पीएचडीनंतरची अनेक वर्षे अल्प मुदतीच्या नेमणुकांवर जाऊ शकतात आणि अनुदान मिळेलच याची खात्री नसते. कोविडवरील एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना 1990 च्या दशकात अनुदाने नाकारली गेली, त्यांचा हुद्दाही खाली आला. ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबरचा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध 2005 चा, आणि दोघांना नोबेल मिळाले 2023 मध्ये. ही कथा मुलांना सांगताना मी सावध असतो, कारण तितकीच चिकाटी दाखवून ज्यांच्या हाती काही लागले नाही त्यांची नावे आपल्याला माहीत नसतात. म्हणून पहिली पदवी अशी असावी की संशोधन सोडावे लागले तरी तिच्यावर उपजीविका होईल.

आता सल्ला. विषयांची तीन-चार नावे जोडून केलेल्या नव्या पदव्यांची जाहिरात आपण पत्रासोबत पाठवली आहे. त्यांतील काही चांगल्या असतीलही, पण नावावर जाऊ नका. अभ्यासक्रम मागवून घ्या आणि त्यात गणित व संख्याशास्त्र किती सत्रे आहे आणि प्रयोगशाळेचे प्रत्यक्ष तास किती आहेत ते मोजा. दोन्ही तुटपुंजे असतील तर ती पदवी नको. पहिल्या पदवीला एकच मूळ शाखा धरावी आणि ती खोलवर शिकावी. जोडविषय पदव्युत्तर पातळीवर, खऱ्या प्रश्नाच्या निमित्ताने घेता येतात. जनुकशास्त्राकडून संगणकाकडे किंवा अभियांत्रिकीकडून वैद्यकाकडे लोक नेहमी वळतात. सर्वांत अवघड जाते ते गणित उशिरा शिकणे, म्हणून ते कोणत्याही परिस्थितीत सोडू देऊ नये.

निवड करण्यापूर्वी तिच्याकडून एक छोटा प्रयोग करून घ्यावा. कोणत्याही लवकर उगवणाऱ्या बियांचे बारा ट्रे खिडकीशी ठेवायचे. खिडकीजवळ प्रकाश अधिक आणि आत कमी, म्हणून खिडकीपासूनच्या अंतराप्रमाणे तीन रांगा करायच्या आणि प्रत्येक रांगेत पाण्याची चार प्रमाणे चिठ्ठ्या टाकून वाटायची. काय होईल याचा अंदाज तिने आधी वहीत लिहावा, रोज ठरल्या वेळी उगवण मोजावी, आणि शेवटी आकडे संगणकावर मांडून रांगेचा परिणाम पाण्याच्या परिणामापासून वेगळा काढावा. या दोन-तीन आठवड्यांत आपण तिला सूचना देऊ नयेत, फक्त ती कशात रमते ते पाहावे. रोज ट्रेंपाशी थांबून, न सांगितलेल्या गोष्टीही ती टिपू लागली तर जीवशास्त्र किंवा कृषी शाखेची पदवी घ्यावी आणि सोबत संख्याशास्त्र नेटाने करावे. मोजणी उरकून ती आकड्यांकडे धावत असेल तर संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र. पाणी आपोआप मोजून सोडणारी काहीतरी जोडणी तिने तिसऱ्याच दिवशी करून ठेवली तर अभियांत्रिकीचे अर्ज आधी भरावेत. वैद्यकाचा निर्णय या प्रयोगातून होणार नाही. त्यासाठी एखाद्या रुग्णालयात किंवा शुश्रूषा केंद्रात परवानगी घेऊन काही दिवस मदतनीस म्हणून काम करणे, आणि तेथून घरी आल्यावर ती आजाराबद्दल बोलते की आजारी माणसांबद्दल, याकडे लक्ष देणे, एवढे पुरेसे आहे. वही पूर्ण झाली की तिची प्रत मला पाठवावी, आणि पुढचे पत्र शक्यतो तिने स्वतः लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक