गेजच्या वर गेलेले इंजिन ऑइल
वाचकांचे वाहनविषयक प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे हापूसच्या पेट्या वाहून नेण्यासाठी डिझेल पिकअप आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतले. नंतर गेजपट्टी काढून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर दिसले. मिस्त्रींचे म्हणणे असे, की ऑइल कमी पडले तर इंजिन जाते, जास्त झाल्याने कोणाचे इंजिन गेलेले नाही. माझे मेव्हणे एस. टी.त चालक होते. त्यांनी मात्र गाडी फोंडा घाट चढवण्याआधी ऑइल काढायला सांगितले आहे. कोणाचे ऐकावे? आणि आतापर्यंत गाडी जेवढी चालली, तेवढ्यात इंजिनाला इजा झाली असेल का?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : आपल्या मेव्हण्यांचे ऐकावे, आणि तेही पुढची खेप भरण्यापूर्वी. मिस्त्रींच्या बोलण्याचा पहिला भाग खरा आहे. ऑइल कमी पडून बिघडलेली इंजिने जास्त झाल्यामुळे बिघडलेल्या इंजिनांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात. परंतु त्यावरून जादा ऑइल निरुपद्रवी ठरत नाही.

इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये ऑइल साठलेले असते आणि त्याच्या वरच्या बाजूला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा, फिरत असतो. ऑइल वरच्या खुणेपर्यंत असताना त्याचा पृष्ठभाग आणि क्रँकची फिरती वजने यांच्यामध्ये मोकळी जागा राहावी, अशी रचना कारखान्यातच केलेली असते. पातळी याहून बरीच वर गेली, की ही वजने प्रत्येक फेऱ्यात ऑइलवर आपटू लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हा आघात सेकंदाला ५० वेळा होतो आणि रवीने ताक घुसळावे तसे ऑइल घुसळले जाऊन त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात. ऑइलमध्ये फेस न होऊ देणारी द्रव्ये घातलेली असतात. पण तीही एका मर्यादेपर्यंतच पुरतात.

खरे नुकसान या हवेमुळे होते. क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑइलचा केवळ काही मायक्रॉन जाडीचा थर असतो आणि संपूर्ण भार त्या थरावर तोललेला असतो. ऑइल दाबले तरी त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही, म्हणून ते भार पेलू शकते. हवा मात्र सहज दबते. पंपाने शुद्ध ऑइलऐवजी फेसाळ ऑइल ओढले, की दाब अस्थिर होतो, थर जागोजागी तुटतो, बेअरिंग तापते, आणि ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग) आहेत त्यांच्या हेडमधून, म्हणजे वरच्या भागातून, टकटक ऐकू येऊ लागते. ऑइल कमी पडले असता हीच लक्षणे दिसतात, त्यामुळे आवाज ऐकून एखादा चालक आणखी ऑइल ओततो आणि स्थिती अधिक बिघडवतो. घुसळण्यामुळे ऑइल तापते व लवकर जुने होते, तसेच क्रँकला नाहक अडथळा झाल्याने इंजिन थोडे जड चालते, ते वेगळेच.

दुसरे नुकसान वरच्या बाजूला होते. पिस्टनच्या रिंगांमधून काही वायू नेहमीच खाली झिरपतात आणि ते ब्रीदरच्या नळीतून हवेच्या मार्गात परत सोडले जातात. ऑइलचे तुषार वाढले, की तेही या वायूंबरोबर ओढले जाऊन सिलिंडरमध्ये जळतात. धुराड्यातून निळसर धूर येतो, आणि पेट्रोल गाडीत प्लग तेलकट होऊन काळे पडतात. बरेच दिवस असे चालले, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) किंवा डिझेल गाडीतील काजळीची गाळणी खराब होऊ शकते, आणि हे दोन्ही भाग महाग आहेत. आपल्या पिकअपला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग, असणार. टर्बोमधून ऑइल चेंबरमध्ये परत येते ते पंपाने नव्हे, तर केवळ उतारामुळे. चेंबरमधील पातळी किंवा आतील दाब वाढला, की ही परतीची वाट तुंबते आणि ऑइल टर्बोच्या सीलवाटे हवेच्या नळीत किंवा सायलेन्सरकडे गळू लागते. क्रँकच्या पुढच्या-मागच्या सीलही या दाबाने पाझरतात, आणि मागची सील पाझरली तर क्लचप्लेट तेलकट होऊन घसरते.

डिझेल इंजिनाबाबत आणखी एक धोका आहे. तो क्वचित उद्भवतो, पण गंभीर असतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे हवेच्या नळीतून पुरेसे ऑइल आत गेले, तर इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते, वेग आपोआप वाढत जातो आणि चावी बंद केली तरी ते थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. तेवढी संधी मिळाली नाही, तर गाडीपासून दूर व्हावे. वाकून बॉनेटमध्ये हात घालण्याचा मोह टाळावा.

आता किती जादा म्हणजे जादा, हा प्रश्न. बहुतेक मोटारींमध्ये गेजच्या दोन खुणांमधील अंतर साधारण एक लिटरच्या आसपास असते. वरच्या खुणेच्या किंचित वर, म्हणजे शे-दोनशे मिलिलिटर जादा असेल, तर काळजीचे कारण नाही. माझ्या मते त्यासाठी गाडी पुन्हा गॅरेजमध्ये नेण्याचीही गरज नाही. अर्धा लिटर जादा असेल, तर काढून टाकावे. आपण ‘बोटभर’ लिहिले आहे, ते खरोखरच तेवढे असेल, तर एक लिटरच्या जवळपास जादा भरले गेले असावे, आणि तेवढ्या ऑइलवर पेट्यांनी भरलेली गाडी घाटात घालणे योग्य नाही. चढावर चेंबरमधील सगळे ऑइल एका टोकाला सरकते आणि त्या बाजूची पातळी आणखी वर चढते. सपाट रस्त्यावर क्रँकला जेमतेम न लागणारे ऑइल फोंडा किंवा करूळ घाटातील लांब चढावर हमखास लागते, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनावर सर्वाधिक भार असतो. आपल्या मेव्हण्यांनी घाटाचा उल्लेख केला, तो अगदी नेमका आहे.

ऑइल काढण्यापूर्वी मात्र माप बरोबर घेतले आहे ना, याची खात्री करावी. कोकणात सपाट जागा मिळणे कठीण. घरासमोरचा जांभ्याचा उतार किंवा गॅरेजबाहेरचा रस्त्याचा काठ डोळ्यांना सपाट वाटला, तरी गेजवर फरक दाखवतो. त्यामुळे पेट्रोल पंपावरील काँक्रीटसारख्या सपाट जागी गाडी उभी करावी. इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले ऑइल खाली उतरते. काही कंपन्या थंड इंजिनावर माप घ्यायला सांगतात, तेव्हा गाडीबरोबरची पुस्तिका काय म्हणते ते पाहावे. पट्टी कोरडी पुसून, पूर्ण आत घालून, बाहेर काढल्यावर दोन्ही बाजू पाहाव्यात आणि जिकडे ऑइल कमी दिसेल ती बाजू खरी मानावी, कारण वरची नळी ओली असल्यास एक बाजू नाहक माखते.

जादा ऑइल काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे गेजच्या भोकातून बारीक नळी आत सोडून हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने ते ओढून घेणे. खालचा ड्रेन नट सैल करूनही काढता येते. परंतु ऑइल गरम असते, धार आवरत नाही, आणि नट पुन्हा बसवताना वॉशर नवा घालावा लागतो. थोडे थोडे काढावे आणि दर वेळी पट्टी पाहावी. काढलेले ऑइल स्वच्छ भांड्यात घेतले असेल आणि नवेच असेल, तर झाकून ठेवून पुढे वापरता येते. जळके ऑइल मात्र वहाळात किंवा खाडीत ओतू नये. ते कायद्यानेही धोकादायक कचऱ्यात मोडते.

आतापर्यंतच्या धावेबद्दल बोलायचे, तर ऑइलचा दिवा लागला नसेल, टकटक ऐकू आली नसेल आणि निळा धूर दिसला नसेल, तर कायमची इजा झाली असण्याची शक्यता फार कमी आहे. पातळी नीट केल्यावर ब्रीदरची नळी आणि हवेचा फिल्टर उघडून त्यांत ऑइल साचले आहे का, एवढे पाहावे; नंतर काही आठवडे सील पाझरत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे.

जाता जाता मिस्त्रींच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. बागेत पाणी ओढणाऱ्या किंवा फवारणीच्या अनेक लहान पेट्रोल इंजिनांना पंपच नसतो. त्यांत ऑइल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल भरणे हीच योग्य पातळी असते, आणि आतील एक चमचा ते उडवून सगळीकडे पोहोचवतो. अशी इंजिने रोज हाताळणाऱ्यांना ‘काठोकाठ भरा’ ही सवय लागते, ती मोटारीला लागू पडत नाही. याशिवाय डब्यात उरलेले पाव-अर्धा लिटर वाया जाऊ नये म्हणून तेही ओतून टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ऑइलची गाळणी बदलली नसेल किंवा जुने ऑइल पूर्ण निथळले नसेल, तर नेमके तेवढेच जादा होते.

प्रश्न : माझ्या स्कूटरच्या एअर फिल्टरमध्ये ऑइल आले आहे. गेज आटे फिरवून घट्ट बसवून पाहिले, तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या वर दिसली. हे त्याचमुळे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : होय, बहुधा त्याचमुळे, पण आधी माप पुन्हा घ्यावे. बहुतेक स्कूटरींमध्ये झाकणाला जोडलेली पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते; घट्ट बसवली, की ती खोल जाते आणि पातळी आहे त्याहून जास्त दिसते. स्कूटर मुख्य स्टँडवर असावी, साइड स्टँडवर नव्हे. ११० सी. सी.च्या स्कूटरीत एकूण ऑइल पाऊण लिटरच्या आसपासच मावते, त्यामुळे मोटारीत ज्या शंभर मिलिलिटरकडे दुर्लक्ष करता येते, ते इथे करता येत नाही. टेकवून घेतलेले मापही वरच्या खुणेच्या वर आले, तर जादा ऑइल काढावे, फिल्टरचा कागद बदलावा आणि फिल्टरच्या डब्याखालच्या नळीत साचलेले ऑइल रिकामे करावे. माप बरोबर असूनही फिल्टरमध्ये पुन्हा ऑइल आले, तर रिंग झिजल्या आहेत का, ते तपासून घ्यावे.

प्रश्न : माझी डिझेल गाडी बी. एस. ६ आहे. सर्व्हिसनंतर ऑइल बरोबर वरच्या खुणेवर होते, आणि मी थेंबभरही घातले नाही. तरी काही महिन्यांत पातळी खुणेच्या वर गेली. हे कसे शक्य आहे?
— एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपोआप वाढलेली पातळी ही भरताना झालेल्या चुकीपेक्षा अधिक चिंतेची बाब असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ (भारत स्टेज ६) या प्रदूषणविषयक निकषांमुळे डिझेल मोटारींना काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. ती भरली, की गाडी स्वतःच ती तापवून काजळी जाळते, आणि त्यासाठी अनेक इंजिनांत ज्वलनानंतर उशिरा थोडे जादा डिझेल सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यातील काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांखाली उतरतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. गाडी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग वेगाने चालली, तर काजळी जाळण्याचे काम पुरे होते; परंतु घर ते शाळा आणि फार तर शृंगारतळीचा बाजार एवढीच धाव असेल, तर ते दर वेळी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि डिझेल साठत जाते.

अशा वेळी वरचे ऑइल काढून पातळी जुळवणे हा उपाय नव्हे, कारण उरलेले ऑइलही डिझेलमुळे पातळ झालेले असते आणि बेअरिंगवरील थर टिकवू शकत नाही. पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर संपूर्ण ऑइल आणि ऑइलची गाळणी बदलावी, मग पुस्तिकेतील मुदत संपायची असो वा नसो. पुढे काजळीच्या गाळणीचा दिवा लागला, की तो दुर्लक्षून घरी परतू नये. पुस्तिकेत दिलेल्या वेगाने गाडी सलग चालवावी. चिपळूणपर्यंत जाऊन महामार्गावर थोडे पुढे जाऊन येणे यासाठी पुरेसे ठरू शकते. वास डिझेलचा नसून ऑइल दुधाळ, फिकट तपकिरी दिसत असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर मात्र कारण हेड गॅसकेटचे (इंजिनाच्या वरच्या भागाखालील, पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणाऱ्या पट्टीचे) असू शकते, आणि गाडी तेथेच थांबवावी.

प्रश्न : पुराचे पाणी अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांच्या वर आले होते. ओसरल्यावर गेजवर पातळी खूप वर दिसते. आधी सुरू करून पाहावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात सुरू करू नये, स्टार्टरही मारू नये आणि ढकलूनही पाहू नये. जुलै २०२१ च्या पुरानंतर आपल्या शहरात हा प्रश्न असंख्य घरांना पडला होता. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते चेंबरच्या तळाशी बसते आणि ऑइल वर उचलले जाते, म्हणून पातळी वाढलेली दिसते. इंजिन फिरवले, तर दोन्ही मिसळून दुधाळ काला होतो आणि तो प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचतो. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बॅटरीची तार काढावी आणि गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी. तेथे थंड इंजिनाचा ड्रेन नट सावकाश सैल केल्यास आधी पाणी आणि मग ऑइल बाहेर पडेल. ते पाहिल्यावर आत किती पाणी गेले होते, याचा मिस्त्रींना अंदाज येतो. विमा असेल, तर नट उघडण्याआधी विमा कंपनीला कळवून गेजपट्टीचे आणि पाण्याच्या रेषेचे छायाचित्र काढून ठेवावे.