उलटी नव्हे, अंबर

प्रश्न असा आहे : बातम्यांत एका सुगंधी द्रव्याला 'व्हेल माशाची उलटी' म्हणतात ते बरोबर का, आणि व्हेल म्हणावं की देवमासा?

देवमासा म्हणा. 'तो सस्तन, मग मासा कसा?' हा आक्षेप मला पटत नाही. खवल्या मांजराला आपण मांजर म्हणतोच. तिमी-तिमिंगिल हे महाकाय माशांचे जुने संस्कृत शब्द पोथीतले, ते सोडतो. उलटी मात्र सोडवत नाही. कोकणात कुणाला मुद्देमालासह पकडलं की मथळा ठरलेला : 'कोट्यवधींची उलटी जप्त'.

ती उलटी नसते, आणि सरसकट सगळ्या देवमाशांची तर नसतेच. तीस मीटरपर्यंत वाढणाऱ्या निळ्या देवमाशाला दात नाहीत. तोंडातल्या झालरीतून पाणी गाळून तो कोळंबीसारखे बारके जीव खातो. हा पदार्थ तयार होतो तो दात असलेल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात. (त्याला 'शुक्राणू व्हेल' म्हणणं थांबवा. त्याच्या डोक्यातलं मेणासारखं द्रव्य वीर्य समजून कुणीतरी ते नाव दिलं. ती चूक मराठीत कशाला हवी?) त्याचं मुख्य खाणं माकूळ, म्हणजे स्क्विड. माकुळाची चोच पचत नाही. तिच्याभोवती आतड्यात थर साचतात आणि तो गोळा बहुधा विष्ठेतून, नाहीतर जनावर मेल्यावर बाहेर येतो.

त्याला शब्द आहे : अंबर! अरबीत लिहितात 'अन्बर', पण 'ब'च्या आधीच्या 'न्'चा उच्चार 'म्' होतो. आपला अनुस्वारही तेच करतो, म्हणून हा परका शब्द आकाशवाचक संस्कृत अंबराशेजारी बेमालूम बसला. मोनिअर विल्यम्स या इंग्रज संस्कृतपंडिताने 1899च्या संस्कृत कोशात आकाश, वस्त्र आणि हे सुगंधी द्रव्य एकाच नोंदीत कोंबलं. हे मला साफ अमान्य आहे. सुगंधाच्या अर्थापुढे 'फक्त कोशांत सापडतो' अशी खूण त्यानेच केली आहे, तरी नोंद वेगळी केली नाही. माझं मत ठाम आहे : हा अर्थ अरबी जहाजांतून आला आणि कोशकारांनी तो आयत्या अंबराला चिकटवला.

आणि मलिक अंबर! त्याच्या नावाचा अर्थ 'आकाश' सांगणारे भेटले की मला राहवत नाही. इथिओपियात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मुलाला धन्याने ठेवलेलं ते नाव. गुलामांना सुगंधांची, रत्नांची नावं देत : काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, तसाच अंबर. त्याच मुलाने पुढे अहमदनगरची निजामशाही सावरली आणि 1610च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. शिवाय अरबीत खुद्द त्या देवमाशालाही अन्बरच म्हणतात. म्हणजे दख्खनच्या इतिहासात आपण चारशे वर्षं देवमाशाचं नाव घेत आलोय, आणि वर्तमानपत्रांना मात्र उलटीशिवाय शब्द सुचत नाही.