मेमरी संपून ब्राउजर क्रॅश होणं ही सिक्युरिटीची त्रुटी धरतात का?

नुसती मेमरी संपून टॅब पडला तर नाही धरत. बग आहेच, पण सिक्युरिटीतला नाही.

तुम्ही लिहिलंय की ॲरे (मेमरीतली डेटाची यादी) वाढवतच नेणारं एक पेज बनवलं, ते उघडलं की क्रोम पडतो, आणि रिपोर्ट टाकल्यावर त्यांनी सिक्युरिटीमधून काढून तो साध्या बगात टाकला. त्यात तुमचा अपमान वगैरे काही नाही. क्रोमियम, म्हणजे ज्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर क्रोम बनतो, त्याच्या सिक्युरिटीच्या प्रश्नोत्तरांत हे सरळ लिहिलेलं आहे, डिनायल ऑफ सर्व्हिस (नुसतं बंद पाडणं) हा स्टॅबिलिटीचा किंवा अब्यूजचा (गैरवापराचा) विषय.

हल्ला करणाऱ्याच्या हाती काय लागलं ते बघायचं. दुसऱ्या साइटची कुकी वाचता आली का, बँकेच्या टॅबमधलं काही दिसलं का, त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालला का? काहीच नाही. कोणी नळ सोडून तुमची टाकी रिकामी केली तर त्रास होतो, पण घराची चावी काही त्याला मिळत नाही. पेज चालतं रेंडरर प्रोसेसमध्ये (पेज दाखवणारा ब्राउजरचा वेगळा भाग), सँडबॉक्सच्या म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या कुंपणाच्या आत, आणि मेमरी मिळाली नाही तर त्या प्रोसेसने तिथल्या तिथे मरायचं हे क्रोममध्ये मुद्दाम तसं ठेवलंय.

आता मुद्दाम का, तर मेमरी न मिळताही प्रोग्राम पुढे चालू राहिला तर खरा धोका तिथेच आहे. मेमरी मागितली, मिळाली नाही, फंक्शनने नल (रिकामा पत्ता) परत दिला आणि पुढच्या कोडने तो न तपासता त्यात हल्लेखोराने ठरवलेला मोठा ऑफसेट (किती पुढे जायचं तो आकडा) मिळवून तिथे लिहिलं, तर ते भलत्याच जागी जाऊन बसतं. किंवा साइजचा गुणाकारच ओव्हरफ्लो झाला (आकडा मावला नाही), बफर, म्हणजे डेटा ठेवायचा मेमरीचा तुकडा, छोटा मिळाला आणि डेटा मोठा ओतला. किंवा एरर आल्यावर आवराआवर करताना एखादं ऑब्जेक्ट फ्री केलं, म्हणजे त्याची मेमरी सोडून दिली, आणि नंतर कोणीतरी तेच वापरलं, म्हणजे यूज आफ्टर फ्री. हे सगळे सिक्युरिटीचे बग, मग सुरुवात मेमरी संपण्यातून झालेली का असेना. क्रोमियमवाल्यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या गंभीर सिक्युरिटी बगांपैकी साधारण ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांचे आहेत आणि त्यातले निम्मे यूज आफ्टर फ्री.

गोंधळ होतो तो सर्व्हरमुळे. सर्व्हरची मेमरी एका रिक्वेस्टने संपवता आली तर एक माणूस बाकी सगळ्यांची सेवा बंद पाडतो, म्हणून तिथे तेच सिक्युरिटीत धरतात, सीडब्ल्यूई या त्रुटींच्या प्रकारांच्या यादीत सीडब्ल्यूई-४०० या नंबराने हा प्रकार आहेही. ब्राउजरमध्ये नुकसान ज्याने पेज उघडलं त्याचंच, आणि टॅब बंद केला की संपलं.

पण सिक्युरिटी नाही म्हणून किरकोळ आहे असं कोणी म्हटलं तर मला ते अजिबात पटत नाही. माझं कुडाळला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, इकडे अजून २ जीबी रॅमचे फोन आणि जुने लॅपटॉप सर्रास चालतात, आंब्याच्या सीझनला बागायतदार फोनवर ऑर्डरचा फॉर्म भरत असतो आणि जड पेजमुळे ब्राउजर पडला की भरलेलं सगळं जातं. आणि ती 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा' वाली पेजं, ती मुद्दाम ब्राउजर अडकवून ठेवतात म्हणजे माणूस घाबरून फोन करतो, वयस्कर लोक तर रडकुंडीला येऊन मशीन घेऊन दुकानात येतात. याला अब्यूज म्हणतात आणि त्यावर काम व्हायलाच हवं.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर तेच पेज ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावलेल्या क्रोमच्या बिल्डमध्ये चालवा. आउट ऑफ मेमरी किंवा ॲलोकेशन मोठं पडलं एवढंच आलं तर साधा बग म्हणून राहू द्या, फक्त किती रॅमवर आणि कुठल्या व्हर्जनला होतं ते नीट लिहा. हीप यूज आफ्टर फ्री किंवा बफर ओव्हरफ्लो आला, त्यातही राइट (चुकीच्या जागी लिहिणं) असेल, तर तो पूर्ण स्टॅक ट्रेस (क्रॅशपर्यंत कुठली फंक्शन चालली त्याची यादी) जोडून सिक्युरिटीमध्येच नव्याने टाका, आणि पेज तोवर कुठे पब्लिक शेअर करू नका.