बालवाडीची लाज आणि बँकॉकची नोकरी

इस्लामपूरच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी २४ वर्षांची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. दोन वर्षं गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत शिकवते, पगार ९,००० रुपये. पुण्याचा एक एजंट म्हणतो, अडीच लाख भरा, बँकॉकच्या बालवाडीत इंग्रजी शिकवायची नोकरी देतो. आधी पर्यटक म्हणून जायचं, व्हिसाचं तिथं गेल्यावर बघू. पहिले ५०,००० पंधरा तारखेच्या आत हवेत. वडील विचारतात, सोसायटीचं कर्ज काढू का?

नमस्कार.

कर्ज काढू नका. का, ते सांगतेच. पण तुमच्या पत्रातलं दुसरंच एक वाक्य डोक्यातून जाईना. तुम्ही लिहिलंय, ‘बालवाडीत शिकवते हे पाहुण्यारावळ्यांत सांगायला लाज वाटते. थायलंडला शिकवते म्हटलं तर स्थळंही चांगली येतील.’ म्हणजे काम तेच, मुलं त्याच वयाची, आणि बदलायचं काय, तर पाहुण्यांना द्यायचं उत्तर. त्यासाठी मुलगी घरापासून तीन हजार किलोमीटरवर आणि कर्ज तुमच्या डोक्यावर. पत्र चार पानी आहे. त्यात तिला काय हवंय यावर एकच ओळ सापडली: ‘तिला लहान मुलांचा लळा आहे, पण लळ्यावर घर चालत नाही.’ अहो, नऊ हजारांत दोन वर्षं नर्सरीतली मुलं सांभाळून जिचा लळा आटला नाही, तिच्यात या कामासाठी लागणारी सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पगार कमी आहे हे खरं, आणि त्याबद्दल चिडायला हवं. पण पगार कमी म्हणून काम हलकं, हे तुम्ही कुठून आणलंत? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढं कोसबाडला याच वयाच्या मुलांसाठी आयुष्य वेचलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. तुमची मुलगी त्या टप्प्यावर उभी आहे. घरी कधी विचारलंत का, आज वर्गात काय झालं?

एजंटनं दाखवलेल्या फोटोंत तिथला दिवस दिसत नाही. तिथल्या बालवाडीला अनुबान म्हणतात, तीन वर्षांची असते. सकाळी मुलं दारातून आत येताना त्यांचे तळहात आणि तोंड तपासतात, कारण पावसाळ्यात हात, पाय आणि तोंडावर फोड येणारा आजार या वयात झपाट्यानं पसरतो. आठला झेंडा आणि राष्ट्रगीत. चपला-बूट वर्गाबाहेर. मग गाणी, चित्रांची कार्डं, तेच पाच शब्द पुन्हा पुन्हा. जेवणानंतर मुलं गाद्यांवर झोपतात. टीचरनं त्या वेळात वह्या भरायच्या, कागद कापून ठेवायचे. शाळा मेमध्ये सुरू होते तेव्हा पहिले काही दिवस नुसती रडारड असते, आणि तीन वर्षांचं पोर रडतं ते थाई भाषेतच. चड्डी ओली झाली, पोट दुखतंय, आई हवी, यातलं काय ते सोबतची थाई बाई सांगेल तेव्हा कळायचं. जिला मुलांची ओढ आहे ती यात रमते. स्थळांसाठी गेलेली मुलगी दिवाळीपर्यंत टिकणं कठीण.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. ‘इंग्रजी चांगलं आहे, १२० तासांचं टेफल (परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठीचं) सर्टिफिकेट ऑनलाइन करून घेतलं की झालं’ असं तुम्ही धरून चाललाय. बऱ्याच देशांत सर्टिफिकेटच्या आधी पासपोर्ट बघतात. दक्षिण कोरियात खासगी बालवाड्यांत आणि क्लासेसमध्ये इंग्रजी शिकवायचा नेहमीचा व्हिसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यात भारत नाही, मग मुलीचं इंग्रजी कितीही अस्खलित असो. थायलंडचा दरवाजा उघडा आहे, तिथं फिलिपिनो शिक्षिका तर पुष्कळ आहेत. पण आपल्याकडून पदवी, तिच्यावर सरकारी साक्षांकन आणि टोइकसारख्या इंग्रजी परीक्षेचे गुण मागतात. पगारही पुष्कळदा ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या, शिक्षकापेक्षा कमी देऊ करतात. हा अन्याय आहे, पण एजंटला पैसे देऊन तो टळत नाही.

एजंटबद्दल स्पष्टच लिहिते. पर्यटक म्हणून उतरून वर्गात उभं राहणं थायलंडमध्ये बेकायदा आहे. आधी नोकरीचा व्हिसा, मग वर्क परमिट, आणि दोन्हीसाठी कागद शाळेनं द्यायचे असतात. शाळेचं नाव आणि सहीचा करार न दाखवता जो पैसे मागतो, त्याच्याकडे नोकरी नाही असंच समजा. आपल्या नियमांत नोंदणीकृत एजंटची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापुढं जाऊ शकत नाही. हा अडीच लाख मागतोय. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली नेलेल्या आपल्या मुलांना सीमेपलीकडं म्यानमारमध्ये डांबून ठेवलं होतं. ती आयटीच्या नोकरीची जाहिरात होती, ही शिक्षिकेची आहे. पण ‘व्हिसाचं तिथं गेल्यावर बघू’ हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

बी.एड., टीईटी, बँकेच्या परीक्षा या वाटा तुम्हाला माहीत आहेत, आणि तिला त्यात रस दिसत नाही. माझं मत विचाराल तर तिनं बालशिक्षणातली पदविका करावी, जमल्यास माँटेसरीचं प्रत्यक्ष वर्गातलं प्रशिक्षण घ्यावं आणि पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या चांगल्या पूर्वप्राथमिक शाळेत अर्ज करावेत. फी एजंटच्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. दोन-तीन वर्षांनी तिलाच परदेशी जावंसं वाटलं तर तिनं शाळांना थेट अर्ज करावा, मुलाखत स्वतः द्यावी, करार स्वतः वाचावा. तेव्हा मी कागदपत्रांना मदत करीन, आणि आनंदानं करीन.

सध्या एवढं करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर या एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा. पन्नास हजार देऊ नका. देऊन बसला असाल तर पावती, बँकेची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप जपून ठेवा, पोलिसांकडे जा आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी) कार्यालयाकडेही तक्रार करा. पासपोर्ट त्याच्याकडे दिला असेल तर तो आजच परत मागा.