साडेअकरा वर्षं शिकून शिरांचीच डॉक्टर?

सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करणारी एक मुलगी वडिलांना घेऊन समुपदेशनाला आली. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये तिने रात्री एम्बोलेक्टमी, म्हणजे धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया, पाहिली होती. पांढराफटक, गार पडलेला पाय, फोगार्टी कॅथेटरने (टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने) ओढून काढलेली गुठळी आणि थोड्याच वेळात परत आलेली ऊब. व्हॅस्क्युलर सर्जनच, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन, व्हायचं, हे तिने तिथेच ठरवलं होतं. वडील म्हणाले, "सर, साडेअकरा वर्षं शिकून ही शिरांचीच डॉक्टर होणार. पेशंट येणार कुठून?"

वर्षांचा हिशेब बरोबर आहे. एमबीबीएसची साडेपाच, एमएसची ३ आणि त्यापुढच्या सुपरस्पेशालिटीची, म्हणजे एमसीएच किंवा डीआरएनबीची ३. सरकारी सेवेचा बाँड आणि परीक्षेचे प्रयत्न वेगळे. पण आज तिला ठरवायचं आहे ते एवढंच, की जनरल सर्जरी घ्यायची का. एमसीएच व्हॅस्क्युलरचा रस्ता तिथूनच जातो. नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेला सर्जिकल गटाचा पेपर एकच असतो, त्यामुळे युरोलॉजी, प्लास्टिक, व्हॅस्क्युलर ही दारं त्याच गुणांवर उघडी राहतात. एम्स, पीजीआय, जिपमरसाठी आयएनआय-एसएस ही परीक्षा वेगळी द्यावी लागते. सीव्हीटीएस या हृदय-छातीच्या शस्त्रक्रियेच्या शाखेच्या नावात 'व्हॅस्क्युलर' असलं तरी शिक्षणाचा मुख्य भर हृदय आणि छातीवर असतो. पायाच्या रक्तवाहिन्यांवर किती काम मिळेल, ते त्या-त्या विभागावर अवलंबून.

तिला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणं भाग होतं. एम्बोलेक्टमीची रात्र हे या शाखेचं रोजचं काम नव्हे. ओपीडीत बसतात मधुमेहाने पाय चिघळलेले, डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) हवा असलेले, व्हेरिकोज व्हेन्सचे रुग्ण आणि बिडी न सोडणारा, बोटं काळी पडलेला पस्तिशीतला बर्गर्सचा (तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजाराचा) रुग्ण. ही गर्दी आवडते का, हे आधी तपासायला हवं.

म्हणून तिला काम दिलं: वॉर्डातल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या दोन्ही पायांची नाडी बघायची आणि एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि हाताच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, काढायचा. रुग्णाला ५ ते १० मिनिटं आडवं झोपवायचं. बसलेल्या रुग्णाचा घोट्याचा दाब गुरुत्वाकर्षणामुळे खोटा वाढतो. बीपीचा कफ घोट्याच्या हाडांच्या जरा वर बांधायचा. ८ मेगाहर्ट्झचा हँड डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) तिरका धरायचा, दाबायचा नाही. दाबला की नाडीच बंद होते आणि आकडा चुकतो. आवाज गेल्यावर आणखी २० मिलिमीटर फुगवून हळूहळू हवा सोडायची. आवाज परत येतो तो दाब लिहायचा. पायाच्या दोन धमन्यांपैकी जास्त आकड्याला दोन हातांपैकी जास्त आकड्याने भागायचं. घोट्याला ७०, हाताला १४०, म्हणजे ०.५. ०.९ च्या खाली आलं तर धमनीचा आजार धरायचा. १.४ च्या वर आलं म्हणून खूश व्हायचं नाही: मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, कफने ती दबत नाही आणि पाय मरायला टेकला तरी आकडा उत्तम दिसतो. तिथे अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

हात चालेल का, ही तिची दुसरी भीती. ओटीतून मुदत संपलेलं ६-० प्रोलिन (रक्तवाहिन्या शिवायचा बारीक धागा) मागून घ्यावं आणि पेनरोज ड्रेनवर (मऊ रबरी नळीवर) सराव करावा. प्रोलिन सुईधारकाच्या जबड्यात चिमटलं गेलं की तिथेच तुटतं, आणि ते निसरडं असल्याने सहा-सात फेरे घातल्याशिवाय गाठ टिकत नाही. रक्तवाहिनी जोडताना रक्त ज्या दिशेने जातं त्या बाजूच्या कडेतून सुई आतून बाहेर काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. बाहेरून आत घातली तर आतला प्लाक (साचलेला चरबीचा थर) भिंतीपासून सुटतो आणि प्रवाहच त्याला उचलून धमनी बंद करतो. हे हातात बसायला वेळ लागतो. इंटर्नशिपमध्ये नाही जमलं म्हणून खचायचं कारण नाही.

अवघड बोलणं निघालं ते अँप्युटेशनचं. पायाचा रक्तपुरवठा अचानक तुटला की साधारण ६ तासांनंतर स्नायू मरू लागतात, आणि तालुक्याहून निघालेला रुग्ण बरेचदा त्यानंतर पोहोचतो. अशा वेळी पाय कापून जीव वाचवणं हेही याच सर्जनचं काम. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मला झेपेल का ते बघायलाच आधी अशा दोन केसेसना थांबते." आम्हाला हे उत्तर एम्बोलेक्टमीच्या उत्साहापेक्षा जास्त भरवशाचं वाटलं.

वडिलांच्या प्रश्नाला उत्तर होतं डायलिसिस केंद्रांत आणि मधुमेहाच्या ओपीडीत. रुग्ण तिथेच आहेत. अडचण साधनांची. जिल्ह्याच्या गावी कॅथलॅब (एक्स-रेखाली रक्तवाहिनीत वायर घालायची सोय) नसेल तर अँजिओप्लास्टी होणार नाही, आणि स्वतःचं डुप्लेक्स (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचं) मशीन घ्यायचं तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची) नोंदणी आधी. फिस्टुला आणि व्हेरिकोज व्हेन्सवर मात्र सुरुवात करता येते.

एमएसला लागल्यावर प्रबंधाचा विषय मधुमेही पायातला एबीआय असा घे, असं तिला सुचवलं. साधनं स्वस्त, रुग्ण हाताशी. पुढे एमसीएचची जागा भरण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करून विचारायचं: तू स्वतः, सहायक म्हणून नव्हे, किती बायपास आणि फिस्टुला केलेस? कॅथलॅबमध्ये वायर तुझ्या हातात असते की रेडिओलॉजिस्टच्या? आणि टीएलडी बॅज (अंगावर पडलेले एक्स-रे किरण मोजणारा) तुझ्या स्वतःच्या नावाचा आहे का?